घरात चालतं, बाहेरून दर चार दिवसांनी बंद पडतं: मीडिया सर्व्हर आणि दोन व्हीपीएनचा गुंता

लक्षण असं आहे. घरच्या वायफायवर जेलीफिन, म्हणजे घरची गाणी-व्हिडिओ वाजवणारा मीडिया सर्व्हर, सुरळीत चालतं. बाहेर मोबाइल डेटावर वायरगार्ड (घरात येण्यासाठीचा आपला व्हीपीएन) सुरू केलं की तिथेही चालतं. मग तीन-चार दिवस जातात, कुणी कशाला हात लावलेला नसतो, आणि बाहेरून काहीच उघडेनासं होतं. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं पुन्हा जागेवर येतं, ते पुढच्या तीन-चार दिवसांपुरतं.

माझ्याकडे हे दोन महिने चाललं. बाबांच्या आवाजातल्या जुन्या कॅसेट आम्ही उतरवून या सर्व्हरवर ठेवल्या आहेत. धाकटा भाऊ लांब राहतो, तो रात्री त्या ऐकतो. त्याचा मेसेज यायचा, "ताई, परत गेलं गं." मी रीस्टार्ट मारायचे आणि तो विषय तिथेच संपायचा. रीस्टार्टने काम भागतं म्हणून माणूस कारण शोधत नाही, आणि रीस्टार्टबरोबर बिघाडाचा सगळा पुरावाही पुसला जातो. म्हणून पहिली विनंती ही, की पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा रीस्टार्ट करण्याआधी दहा मिनिटं द्या. त्या दहा मिनिटांत काय बघायचं ते खाली लिहिलं आहे.

आधी एक घोळ सोडवू

आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना व्हीपीएन म्हणतो. एक म्हणजे पैसे भरून घेतलेली सेवा. तिचा टनेल, म्हणजे इंटरनेटमधली कुलूपबंद वाट, घरातून बाहेर जातो, आणि डाउनलोडची वाहतूक त्या सेवेच्या पत्त्यावरून जगात जाते. दुसरा म्हणजे आपण स्वतः उभा केलेला वायरगार्ड. त्यातून बाहेरचा फोन घरात येतो. दिशा उलट, काम उलट, आणि बहुतेकांच्या घरी दोन्ही एकाच डब्यावर (सर्व्हरवर) बसवलेले असतात.

विकतचा व्हीपीएन सुरू झाला की तो यंत्राचा डीफॉल्ट रूट (बाहेर जायची ठरलेली वाट) ताब्यात घेतो. बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट आता त्याच्या टनेलमधून जाणार. वाहतूक गुप्त ठेवायची तर त्याने हेच करायला हवं. आता भावाच्या फोनचं पॅकेट बघा. ते घरच्या सार्वजनिक पत्त्यावर येतं, राउटर पोर्ट ५१८२० (वायरगार्डचं क्रमांकाचं दार) वरून ते सर्व्हरकडे ढकलतो, वायरगार्ड ते ओळखतो आणि उत्तर लिहितो. ते उत्तर मात्र राउटरच्या दाराने न जाता विकतच्या टनेलमधून बाहेर पडतं आणि दुसऱ्याच कुठल्यातरी पत्त्यावरून भावाच्या मोबाइल नेटवर्कपाशी पोचतं. त्या नेटवर्कच्या लेखी फोनने या पत्त्याशी कधी बोलणंच केलेलं नाही, म्हणून ते पॅकेट तिथेच टाकून देतं. फोनवर दिसतं काय, तर हँडशेक (जोडणीआधीची एकमेकांची ओळख) होत नाही. सर्व्हरच्या बाजूने सगळं ठीक असतं, कारण त्याने तर उत्तर दिलेलं असतं.

माझ्या दोन महिन्यांच्या त्रासाचं मूळ हेच निघालं. पण असंच दिसणारे आणखी चार-पाच बिघाड आहेत, म्हणून आधी तुमचा कोणता ते ठरवा.

दहा मिनिटांची तपासणी

चाचणी नेहमी मोबाइल डेटावर करा. घरच्याच वायफायवर बसून घरचा सार्वजनिक पत्ता उघडला तर बरेच राउटर ते पॅकेट वळवून परत आत आणत नाहीत. मग बाहेरून चालत असलेली गोष्टही घरातून बंद दिसते.

पोर्ट उघडं आहे का ते सांगणाऱ्या वेबसाइटवर विसंबू नका. त्यातल्या बहुतेक टीसीपी तपासतात आणि वायरगार्ड यूडीपीवर चालतो (पॅकेट पाठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती). शिवाय योग्य चावी नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, नकारसुद्धा नाही. त्यामुळे सगळं नीट असतानाही तिथे पोर्ट बंदच दिसतं. हा निकाल खरा धरून चांगलं चालणारं पोर्ट फॉरवर्डिंग (आलेली पॅकेट सर्व्हरकडे ढकलणारी राउटरची सेटिंग) उचकटून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

आता सर्व्हरवर 'डब्ल्यूजी शो' ही आज्ञा चालवा आणि त्या फोनच्या सार्वजनिक चावीखाली शेवटचा हँडशेक किती वेळापूर्वी झाला ते बघा. वाहतूक चालू असेल तर वायरगार्ड साधारण दर दोन मिनिटांनी चाव्या बदलतो आणि तीन मिनिटांपेक्षा जुनी चावी वापरत नाही. म्हणजे फोन जोडायची धडपड करतो आहे आणि इथला आकडा तीन मिनिटांच्या पुढे गेला आहे, तर टनेल मेला आहे हे नक्की.

मग टीसीपीडंप (ये-जा करणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा. पोर्ट ५१८२०, आणि इंटरफेस (यंत्राचं नेटवर्कचं दार) म्हणून 'एनी', म्हणजे सगळे. एका हाताने फोनवरचं वायरगार्ड बंद-चालू करा आणि पडद्यावर लक्ष ठेवा. पॅकेट राउटरकडच्या इंटरफेसवर आत आलं आणि उत्तर विकतच्या टनेलच्या इंटरफेसवरून बाहेर गेलं, तर तुमचा बिघाड माझ्यासारखाच आहे. काहीच आत आलं नाही, तर दोष सर्व्हरच्या बाहेर आहे, सर्व्हरच्या सेटिंगला हात लावू नका. पॅकेट आलं पण उत्तरच गेलं नाही, तर चावी किंवा घड्याळ. आणि दोन्ही बाजूंनी, एकाच इंटरफेसवर, ये-जा दिसत असेल तर टनेल जिवंत आहे आणि अडचण त्याच्या आतल्या वाहतुकीत आहे.

उत्तर भलत्या दाराने जात असेल तर

माझं कोडं असं होतं, की रूटिंगचा (कुठलं पॅकेट कुठल्या वाटेने जाईल ते ठरवण्याचा) दोष असेल तर तो कायम दिसायला हवा, चार-चार दिवस मध्ये बरे कसे जातात? म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लावली. दर पाच मिनिटांनी ती शेवटच्या हँडशेकची वेळ आणि 'आयपी रूल' या आज्ञेने दाखवलेली रूटिंगच्या नियमांची यादी एका फाइलमध्ये लिहायची. तिसऱ्या दिवशी उत्तर हातात आलं. पहाटे विकतच्या व्हीपीएनचं कनेक्शन तुटून परत जोडलं गेलं होतं, आणि त्या क्षणापासून यादीतला माझा एक नियम गायब होता.

तो नियम मीच लिहिला होता. सर्व्हरच्या घरच्या पत्त्यावरून निघणारी पॅकेट मुख्य रूटिंग टेबलनेच पाठवायची, असा. पण तो मी यंत्र सुरू होताना एकदाच लागेल अशा ठिकाणी ठेवला होता. विकतच्या व्हीपीएनचा प्रोग्राम प्रत्येक वेळी परत जोडताना नियमांची यादी नव्याने मांडत होता. रीस्टार्ट केलं की माझा नियम परत यायचा. पुढच्या तुटण्यापर्यंत सगळं ठीक.

यावर तात्पुरता उपाय म्हणजे तो नियम सुरुवातीच्या स्क्रिप्टमधून काढून विकतचा टनेल जोडला गेल्यावर दर वेळी चालणाऱ्या आज्ञेत टाकणं. 'डब्ल्यूजी-क्विक'च्या (वायरगार्डचा टनेल उभा करणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये ती जागा 'पोस्टअप' नावाने असते. नियमाची प्राथमिकता टनेलच्या नियमांच्या वर ठेवा, म्हणजे आकडा लहान हवा. वायरगार्ड आलेल्या पॅकेटचा स्थानिक पत्ता लक्षात ठेवून उत्तर त्याच पत्त्यावरून पाठवतो, त्यामुळे त्याला हा नियम पुरतो.

मात्र डॉकरने (प्रोग्राम वेगळ्या खोक्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या साधनाने) बाहेर काढलेल्या पोर्टला तो पुरत नाही, आणि इथे पुष्कळ लोक अडकतात. कंटेनरचं उत्तर रूटिंगच्या पायरीवर येतं तेव्हा त्यावर कंटेनरचा आतला पत्ता असतो, १७२.१७ किंवा तशापैकी एखादा. घराचा पत्ता त्यावर नंतर चढतो. म्हणून नियम त्याला ओळखतच नाही. जोडणीवर खूण करून त्या खुणेप्रमाणे रूट ठरवता येतो, पण सहा महिन्यांनी ती गुंतागुंत तुमची तुम्हालाच आठवणार नाही.

माझं स्पष्ट मत असं, की विकतचा व्हीपीएन यंत्रावर बसवूच नका. त्याला कंटेनरमध्ये कोंडा. ग्लूटन नावाचा कंटेनर नेमका याच कामासाठी आहे. त्यात व्हीपीएनची ओळखपत्रं भरायची आणि डाउनलोडच्या कंटेनरला सांगायचं की तुझं नेटवर्क म्हणजे ग्लूटनचं नेटवर्क. डॉकर कंपोजमध्ये (कंटेनरांची मांडणी लिहायच्या फाइलमध्ये) 'नेटवर्क मोड' या ओळीत 'सर्व्हिस' आणि पुढे ग्लूटनचं नाव, एवढंच. जेलीफिन आणि वायरगार्ड यांना या टनेलचा पत्ताही लागत नाही. यंत्राचा डीफॉल्ट रूट राउटरकडेच राहतो, भावाचं पॅकेट ज्या दाराने येतं त्याच दाराने उत्तर परत जातं, आणि विकतचा व्हीपीएन दिवसातून दहा वेळा तुटला तरी त्याची झळ फक्त डाउनलोडला बसते.

ही मांडणी करताना दोन ठिकाणी ठेच लागते. डाउनलोडच्या प्रोग्रामचं पान उघडणारं पोर्ट आता ग्लूटनच्या नावाखाली लिहावं लागतं, कारण त्या कंटेनरला स्वतःचं नेटवर्क उरलेलंच नाही. आणि ग्लूटन नव्याने बनवला, समजा अपडेट केला, की त्याच्या आधाराने जगणारे कंटेनर जुन्या, नष्ट झालेल्या नेटवर्कला धरून बसतात. ते चालू दिसतात पण कुठेच पोचत नाहीत. दोघांना एकत्रच अपडेट करा. ग्लूटनला आपोआप अपडेट करणारं साधन लावलं असेल तर 'दर आठवड्याला डाउनलोड बंद पडतं' अशी नवी तक्रार तयार होईल, तीही याच कारणाने.

काहीच आत येत नसेल तर

सर्वांत आधी राउटरच्या पानावर जाऊन त्याला बाहेरून मिळालेला पत्ता बघा, आणि घरच्याच वायफायवर, व्हीपीएन बंद असलेल्या यंत्रावरून, 'माझा आयपी' सांगणारं एखादं पान बघा. दोन्ही जुळायला हवेत. जुळत नसतील, विशेषतः राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर तुमची इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते आहे. याला सीजीनॅट म्हणतात, आणि पत्त्यांचा हा पट्टा २०१२ साली मुद्दाम त्यासाठीच राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, वरच्या राउटरवर तुमचा हक्क नाही. टेलस्केल (यंत्रं एकमेकांना जोडणारा तयार व्हीपीएन) हेही आपल्या यंत्रांना याच पट्ट्यातले पत्ते देतं, म्हणून फोनवर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्यावरून काही ठरवू नका. राउटरचंच पान बघा.

सीजीनॅट असेल तर वाटा तीन. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागणं, आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर त्यावर वायरगार्ड ऐकत ठेवणं, किंवा टेलस्केलसारखं काही वापरणं, जे दोन्ही बाजूंनी आतून बाहेर जोडतं. थेट वाट सापडली नाही तर टेलस्केल मधल्या रिले सर्व्हरवरून वाहतूक नेतं. गाणी त्यावर चालतात, पण मोठ्या व्हिडिओला धाप लागते. 'टेलस्केल स्टेटस'मध्ये यंत्रापुढे 'डायरेक्ट' लिहिलं आहे की 'रिले', ते बघितल्याशिवाय सर्व्हरच्या वेगाला दोष देऊ नका. काही कंपन्यांकडे राउटर परत जोडला की कधी खरा सार्वजनिक पत्ता मिळतो, कधी सीजीनॅटमागचा, त्यामुळे हा बिघाडही येऊन-जाऊन असू शकतो.

पत्ता सार्वजनिक आहे पण बदलता आहे, हे दुसरं नेहमीचं कारण. त्यासाठी आपण डायनॅमिक डीएनएसचं नाव (बदलत्या पत्त्याकडे नेणारं न बदलणारं नाव) घेतो आणि निर्धास्त होतो. पण ते नाव कोण ताजं करतं ते बघा. ते काम सर्व्हरवरच्या एखाद्या प्रोग्रामकडे असेल आणि सर्व्हर विकतच्या व्हीपीएनमागे असेल, तर तो प्रोग्राम इमानदारीने व्हीपीएनच्या बाहेरच्या टोकाचा पत्ता नोंदवून येतो. जगाला तुमचं घर भलत्याच ठिकाणी दिसतं. माझ्या फाइलमध्ये हेही दोनदा सापडलं, म्हणजे एकाच मुळाला दोन फांद्या होत्या. ते काम आता मी राउटरला दिलं आहे. बाहेरचा पत्ता आधी त्यालाच कळतो.

आणि नाव ताजं झालं तरी फोनला ते कळेलच असं नाही. वायरगार्ड नावाचा पत्ता जोडताना एकदाच विचारतो आणि पुढे त्याच पत्त्यावर पॅकेट पाठवत राहतो. फोनवर टनेल बंद-चालू केल्यावर लगेच लागलं आणि सर्व्हरला हातही लावावा लागला नाही, तर कारण हेच. दुसऱ्या घरी कायम जोडलेला डबा असेल तर तिथे बंद-चालू करायला कुणी नसतं. लिनक्सवर वायरगार्डच्या साधनांसोबत 'रिझॉल्व्ह' पुन्हा करणारी एक छोटी स्क्रिप्ट येते, ती टायमरवर लावा. हँडशेक शिळा झाला की ती नाव पुन्हा विचारते.

सर्व्हरचा घरातला पत्ता बदलला आणि राउटर अजून जुन्याच पत्त्याकडे पोर्ट ढकलतो आहे, ही अगदी साधी शक्यताही तपासा. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवला की काम झालं.

पॅकेट आलं, उत्तर नाही

चावी चुकली असेल तर ते पहिल्या दिवसापासून चालणारच नाही, म्हणून दर चार दिवसांच्या बिघाडात चावीचा संशय सोडून द्या. घड्याळ मात्र बघा. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो, आणि आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला तर सर्व्हर तो पुनरावृत्तीचा हल्ला समजून गप्प राहतो. रास्पबेरी पाय ४ किंवा त्याआधीच्या बोर्डांत वीज गेल्यावर वेळ धरून ठेवणारं घड्याळ नसतं. दुसऱ्या घरी असा बोर्ड जोडणी सुरू करत असेल आणि वीज गेली, तर तो मागची वेळ घेऊन उठतो आणि नेटवरून वेळ जुळेपर्यंत सर्व्हर त्याला दाद देत नाही. त्यात त्याचं सगळं इंटरनेट या टनेलमधूनच जात असेल तर वेळ जुळायलाही वाट नाही. अशा डब्यावर फक्त घरच्या पत्त्यांपुरती वाहतूक टनेलमध्ये घाला.

टनेल जिवंत, तरी चित्र नाही

मोबाइल डेटावर चालतं पण मित्राच्या घरच्या वायफायवर नाही? दोन्ही घरांचं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४ असणार. फोनला वाटतं की १९२.१६८.१.१० हा पत्ता याच खोलीत आहे, म्हणून तो टनेलकडे वळतच नाही. वायरगार्डच्या 'अलाउड आयपीज'मध्ये (टनेलमधून कोणते पत्ते जातील त्या यादीत) पूर्ण नेटवर्कऐवजी फक्त सर्व्हरचा पत्ता /३२ लावून लिहिला तर बहुधा भागतं, कारण जास्त नेमका रूट जिंकतो. कायमचा उपाय म्हणजे घरचं नेटवर्क एखाद्या आडवळणाच्या आकड्यावर नेणं, जसं १०.७३.४१.०/२४. एक दुपार जाते, पण ती सत्कारणी लागते.

लॉगिनचं पान येतं, नावं दिसतात, पोस्टर अर्धवट उतरतात आणि व्हिडिओ गोल फिरत राहतो. यावर एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) संशय घ्या. लहान पॅकेट जातात, मोठी वाटेत गळतात. इथरनेटचं पॅकेट १५०० बाइटचं. वायरगार्ड त्यावर आयपीव्ही४ असेल तर ६० आणि आयपीव्ही६ असेल तर ८० बाइट चढवतो, म्हणून त्याचा ठरलेला आकडा १४२०. पण तुमची लाइन पीपीपीओईवर (काही इंटरनेट कंपन्यांच्या जोडणीच्या पद्धतीवर) असेल तर तिथे ८ बाइट आधीच गेलेले असतात आणि १४९२ च उरतात. आयपीव्ही६ वर १४२० अधिक ८० म्हणजे १५००, ते मावत नाही. १४१२ ठेवा. नेमकं गणित करायला वेळ नसेल तर फोनच्या बाजूला १२८० लिहून बघा. लगेच चित्र आलं तर निदान झालं, मग सावकाश आकडा वर न्या.

आणि हे सगळं ठीक असूनही अडकत असेल तर नेटवर्क सोडा, जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. चालू असलेल्या व्हिडिओपुढे डायरेक्ट प्ले (फाइल जशीच्या तशी) आहे की ट्रान्सकोडिंग (सर्व्हरने बदलून पाठवलेली), ते तिथे दिसतं. चित्राच्या रूपातली सबटायटल निवडली तर सर्व्हरला ती व्हिडिओवर छापत बसावं लागतं, आणि जुन्या प्रोसेसरचा श्वास तिथेच कोंडतो. त्यात एक बारकावा आहे, जो कळायला मला वेळ लागला. वायरगार्डमधून आलेला फोन जेलीफिनला घरातलाच वाटतो, कारण त्याचा पत्ता खाजगी पट्ट्यातला असतो. त्यामुळे बाहेरच्यांसाठी लावलेली बिटरेटची (दर सेकंदाला किती डेटा जाईल त्याची) मर्यादा त्याला लागूच होत नाही, आणि सर्व्हर तुमच्या अपलोडला न पेलणारी मूळ फाइल जशीच्या तशी ढकलू लागतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'लॅन नेटवर्क्स'च्या रकान्यात फक्त घरचं सबनेट (घरच्या पत्त्यांचा पट्टा) लिहा, वायरगार्डचं वगळा.

या सगळ्या खटपटीला कंटाळून जेलीफिनचं ८०९६ पोर्ट थेट इंटरनेटला उघडावंसं वाटेल. नका उघडू. त्या पोर्टवर साधं एचटीटीपी चालतं, पासवर्ड उघडा जातो, आणि तुमच्या लॉगिनच्या पानावर कुणीही येऊन बसू शकतं. वायरगार्ड अनोळखी माणसाला उत्तर देत नाही, हाच त्याचा मोठा आधार आहे.

दुरुस्ती झाली असं वाटल्यावर चार दिवस वाट बघत बसू नका, बिघाड स्वतः घडवा. फोन मोबाइल डेटावर ठेवा, वायरगार्ड लावा, एखादा व्हिडिओ सुरू करा. तो चालू असताना सर्व्हरवर ग्लूटन थांबवा. डाउनलोड त्या क्षणी पूर्ण थांबायला हवं, एक बाइटही राउटरच्या वाटेने जाता कामा नये, आणि व्हिडिओला धक्काही लागता कामा नये. मग ग्लूटन सुरू करा, डाउनलोडचा कंटेनर रीस्टार्ट करा आणि फोनवर व्हिडिओ पुढे-मागे सरकवून बघा. त्यानंतर राउटर बंद-चालू करून पत्ता बदलू द्या, डायनॅमिक डीएनएसचं नाव नव्या पत्त्याकडे वळलं का ते पाहा, आणि फोनवरचा टनेल एकदा बंद-चालू करून पुन्हा जोडा.